पीयूषिका ग्रंथीच्या शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदाचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण वैद्याकडे येतो, तेव्हा तो बहुधा शस्त्रकर्माची तक्रार घेऊन येत नाही. तो येतो दौर्बल्य, अंगमर्द, संधिशूल, अरुची, निद्रानाश अशी लक्षणे घेऊन. डोक्यातील गाठ निघाली, दृष्टी सुधारली, शल्यतज्ज्ञांनी 'आता सर्व ठीक' म्हणून घरी पाठविले. मग अंगात जीव का नाही, हा त्याचा प्रश्न असतो. कागदपत्रांची पिशवी तो घरी ठेवून येतो, आणि विचारल्यावाचून 'नाकातून डोक्याचे ऑपरेशन झाले' हे सांगतही नाही. अशा रुग्णाविषयी सामान्य वैद्यव्यवसायीस आणि औषधालय चालविणाऱ्यांस काय ठाऊक असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखास निमित्त आमचीच एक चूक झाली, म्हणून तीच प्रथम सांगतो.

रुग्णा, वय ३८ वर्षे, शेतकरी कुटुंबातील. चेहरा वाटोळा होणे, पोटावर जांभळे पट्टे, रक्तदाब व मधुमेह अशा लक्षणांवरून तिला कुशिंगचा व्याधी असल्याचे निदान झाले होते. मोठ्या शहरातील एका रुग्णालयात नाकावाटे शस्त्रकर्म होऊन पीयूषिकेतील लहानसे अर्बुद काढण्यात आले. सातव्या आठवड्यात ती आमच्याकडे आली. खांदे व गुडघे दुखतात, सकाळी उठवत नाही, अन्नाची वासना नाही, मळमळ होते, तळहातांची त्वचा सुटते, वजन सहा किलो उतरले. जिव्हा साम, नाडी क्षीण. आम्ही सामवाताच्या दिशेने विचार केला. लंघन, शुंठीसिद्ध जल आणि रास्नादि क्वाथ योजिला. जाता जाता तिने एक प्रश्न विचारला. "ज्या स्टेरॉईडने माझे शरीर असे फुगले, तीच गोळी मला पुन्हा का देतात?" ती हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० व दुपारी ५ मिलिग्रॅम घेत होती. प्रश्न आम्हांस पटला. गोळी निम्मी करा आणि आठवड्याने सोडा, असे आम्ही सांगितले.

त्यानंतर दहाव्या दिवशी तिला वांत्या सुरू झाल्या. नातेवाइकांनी अर्धवट शुद्धीत आमच्या दारी आणले तेव्हा वरचा रक्तदाब ७० होता. जवळच्या रुग्णालयात धाडले. तेथील डॉक्टरांनी पिशवीतील कागद वाचला, रक्तातील साखर ५० व सोडियम १२१ आढळले, आणि त्यांनी तत्काळ शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम व सलाईन दिले. सायंकाळी ती उठून बसली आणि चहा मागू लागली. आणखी काही तास विलंब झाला असता तर काय घडले असते, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. त्या डॉक्टरांनी आम्हांस दोष दिला नाही. फक्त 'गोळी कोणी बंद केली?' एवढेच विचारले.

चूक कोठे झाली

पीयूषिका ही वाटाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची ग्रंथी जतुकास्थीच्या वरील खोगिरासारख्या खळग्यात बसलेली असते. तिचा पुढील भाग अधिवृक्क, अवटू, बीजकोश व वृषण या ग्रंथींना चालना देणारे स्राव तसेच वृद्धिस्राव व प्रोलॅक्टिन निर्माण करतो. मागील भागातून मूत्रावर नियमन ठेवणारा व्हॅसोप्रेसिन व प्रसूतिकर्माशी निगडित ऑक्सिटोसिन हे स्राव सुटतात. काही लेखक या ग्रंथीचे समीकरण आज्ञाचक्राशी, तर काही शृंगाटक मर्माशी जुळवितात. त्या वादात आम्ही शिरत नाही. रुग्णशय्येपाशी त्याचा उपयोग होत नाही.

कुशिंगच्या व्याधीत अर्बुद एसीटीएच हा स्राव अमर्याद करते, त्याने अधिवृक्क ग्रंथी वर्षानुवर्षे अतिरिक्त कॉर्टिसॉल ओततात, आणि पीयूषिकेतील जे निरोगी भाग तोच स्राव करीत होते ते निद्रिस्त होतात. अर्बुद निघताच त्या क्षणी अतिस्रावही संपतो आणि निरोगी भागही जागा झालेला नसतो. म्हणजे शस्त्रकर्म जितके यशस्वी, तितकी नंतरची कॉर्टिसॉलची उणीव अधिक. शस्त्रकर्मानंतर पहिल्या काही दिवसांत सकाळचे कॉर्टिसॉल अत्यल्प येणे, हे तज्ज्ञ चांगले लक्षण मानतात. ग्रंथी जागी होण्यास सहा महिने ते दीड वर्ष, क्वचित त्याहून अधिकही काळ लागतो. तोपर्यंत बाहेरून दिलेली गोळी ही औषध नव्हे, ती शरीराला न मिळणारा धातूच पुरविते असे म्हणावे. आमच्या रुग्णेच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते, आणि आम्हांस ते देता आले नाही. जिने शरीर फुगले ती मात्रा आणि ही मात्रा यांत मोठे अंतर आहे. प्रौढ व्यक्तीस कॉर्टिसॉलच्या बदली दिवसास साधारण १५ ते २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन वा तीन भागांत देतात; निरोगी शरीर स्वतः जेवढे निर्माण करते, त्याच्या जवळपास ही मात्रा असते.

तिचा संधिशूल, त्वचा सुटणे, अरुची व अंगमर्द हे सर्व कॉर्टिसॉल उतरण्याचे ज्ञात लक्षणसमूह होते. शरीर वर्षानुवर्षे ज्या मात्रेला सवकले होते, ती एकाएकी ओसरली. ही अवस्था बाह्यतः आमवातासारखी दिसते. लंघनाने ती अधिकच बिघडते, कारण कॉर्टिसॉलची उणीव असताना उपाशी राहिल्यास रक्तातील साखर टिकत नाही. हा सामवात नव्हे हे ओळखण्यास शस्त्रकर्माचा इतिहास विचारण्यापलीकडे कोणतीही चाचणी लागत नव्हती.

अर्बुद कुशिंगचेच असेल असे नाही. वृद्धिस्रावाच्या अर्बुदात हात-पाय व जबडा वाढतो. शस्त्रकर्मानंतर रक्तातील साखर झपाट्याने उतरते, म्हणून मधुमेहाच्या औषधांची मात्रा वारंवार पाहावी लागते. स्राव न करणारी अर्बुदे वाढून दृष्टिनाडीवर दाब आणतात व दोन्ही बाजूंची दृष्टी आकुंचित करतात. प्रोलॅक्टिनच्या अर्बुदात मात्र शस्त्रकर्म बहुधा लागतच नाही, कॅबरगोलिन या गोळीने ते आक्रसते. येथे एक विषयांतर करतो. वाजीकरण मागण्यास येणाऱ्या पुरुषाने शिरःशूल व बाजूचे दिसेनासे झाल्याचे सांगितले, तर त्यास अश्वगंधा-कवचबीज देण्यापूर्वी प्रोलॅक्टिनची तपासणी करून घ्यावी. अर्बुद कोणतेही असो, ग्रंथीस दाब वा शस्त्राचा आघात झाल्याने इतर स्राव उणे होणे हा धोका सर्वांनाच आहे.

ज्वर, वमन आणि वाढीव मात्रा

निरोगी मनुष्यास ज्वर आला, अस्थिभंग झाला, दात काढला, तर त्याचे अधिवृक्क आपोआप कॉर्टिसॉल वाढवितात. या रुग्णास ती सोय नाही. म्हणून ज्वरात त्याने नेहमीची मात्रा दुप्पट, व ताप फार असल्यास तिप्पट घ्यावयाची असते. दुखणे ओसरले की दोन-तीन दिवसांत मूळ मात्रेवर यावयाचे असते. हे नियम अंतःस्रावतज्ज्ञ रुग्णास लिहून देतात, आणि वैद्याने ते लिखित स्वरूपात पाहावेत. वांती होऊन गोळी बाहेर पडली तर पुन्हा घ्यावी. पुन्हा वांती झाल्यास थांबू नये. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन व सलाईन जेथे मिळेल तेथे रुग्णास पोहोचवावे. अतिसारातही हाच विचार लागू आहे, कारण गोळी शोषली जाईलच याची शाश्वती नसते.

आता आपल्या व्यवसायाचा विचार करू. वमन व विरेचन ही शोधनकर्मे या रुग्णात गोळी बाहेर टाकण्याची व क्षार-जल उतरविण्याची दोन्ही कामे एकाच वेळी करतात. वसंतात वमनाचा आग्रह धरणाऱ्या रुग्णास 'आपणांस हे नाही' असे स्पष्ट सांगावे. दुर्बलास शोधन देऊ नये ही शास्त्राज्ञा आहेच. त्यात या रुग्णाचे दौर्बल्य अन्न-विश्रांतीने भरून निघणारे नसते. आमचे मत असे की, गोळी चालू असेपर्यंत शोधन करूच नये. एकादशी, नवरात्र, रोजा यांविषयीही रुग्णाशी मोकळेपणे बोलावे. निरंकार उपवास टाळावा. फलाहार चालतो, पण गोळी चुकता कामा नये.

क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषध हायड्रोकॉर्टिसोन लवकर नष्ट करते. आपल्याकडे क्षयरोग दुर्मीळ नाही. अशा रुग्णास ते चालू झाले की बदलीची मात्रा वाढवावी लागते, आणि ही गोष्ट क्षयरोगाचा उपचार करणाऱ्यास कोणीतरी सांगावी लागते. अपस्माराच्या फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन यांचेही तसेच आहे.

जल आणि लवण

शस्त्रकर्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत पुष्कळ रुग्णांना मूत्रप्रवृत्ती अतिशय वाढते. मूत्र जलासारखे निर्मळ, तृष्णा अखंड, रात्री पाच-सहा वेळा उठणे. व्हॅसोप्रेसिन तात्पुरते कमी पडते, म्हणून असे होते. वैद्यास उदकमेहाची आठवण होते, आणि लक्षणसाम्यही आहे. परंतु कफघ्न, रूक्ष व मूत्रसंग्रहणीय औषधांनी हा व्याधी आवरत नाही. डेस्मोप्रेसिन हे बदली औषध गोळी वा नासाफवाऱ्याच्या रूपात देतात. याच्या जुन्या इंग्रजी नावात 'डायबेटीस' हा शब्द असल्याने रुग्ण व कधी परिचारकही मधुमेह समजत. २०२२ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे नाव बदलून 'व्हॅसोप्रेसिनची उणीव' अशा अर्थाचे नाव सुचविले आहे. जुन्या कागदांत जुनेच नाव आढळेल.

याच्या नेमकी उलट अवस्था चौथ्या ते दहाव्या दिवसांदरम्यान, बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास येते, म्हणजे रुग्ण घरी पोहोचलेला असताना. आघात झालेल्या भागातून व्हॅसोप्रेसिन अनियंत्रित सुटतो, मूत्र घटते, पाणी शरीरात साठते, आणि रक्तातील सोडियम उतरते. निरोगी अवस्थेत ते १३५ ते १४५ असते. उतरू लागले की शिरःशूल, मळमळ, ग्लानी, बोलण्यात गोंधळ, आणि अति झाल्यास आक्षेप. घरची मंडळी 'ऑपरेशनचा थकवा' म्हणतात आणि नारळपाणी, ताक, सरबत पाजतात. वर उषःपानाची सवय असतेच. आमच्याकडे आलेल्या एका वृद्धास दिवसास चार लिटर पाणी प्यावे, असा सल्ला शेजारच्या योगशिक्षकाने दिला होता. पहिले दोन आठवडे तहानेपुरतेच पाणी प्यावे. काही रुग्णालये या काळात दिवसास एक लिटरची मर्यादाही घालतात. सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची एक तपासणी व्हावी, आणि रुग्ण खेड्यात असल्यास ती करून आणण्याचे स्मरण वैद्याने द्यावे. या काळात रक्तदाबाच्या भयाने अलवण आहार देऊ नये. पुनर्नवा, गोक्षुर इत्यादी मूत्रल द्रव्ये तर योजूच नयेत.

नासामार्ग

१९०७ मध्ये इन्सब्रुक येथे हर्मान श्लोफर यांनी नासामार्गाने प्रथम पीयूषिकेचे अर्बुद काढले. बॉस्टनचे हार्वे कुशिंग यांनी तोच मार्ग बरीच वर्षे अनुसरून पुढे सोडला, आणि १९६०च्या दशकात माँट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो पुन्हा रुजविला. १९९०च्या दशकापासून दुर्बिणीने ही शस्त्रकर्मे होऊ लागली. कवटी उघडावी लागत नाही, बाहेर व्रण दिसत नाही. म्हणून रुग्णही नाक मोकळे झाले की आपण बरे झालो असे समजतो. परंतु नासेच्या मुळापाशी हाड कापलेले असते, आणि त्याच्या पलीकडे मेंदूचे आवरण असते. मेद वा पटल ठेवून बुजविलेली ती जागा भरून येण्यास काही आठवडे लागतात.

म्हणून नस्य देऊ नये. अणुतैल असो, षड्‌बिंदु असो वा साधे गोघृत असो. अष्टांगहृदयाने रक्त गेलेल्यास व नवपीनसात नस्य निषिद्ध मानले आहेच. येथे कारण अधिक गंभीर आहे. जलनेती, बाष्पस्वेद, धूमपान, तपकीर यांचाही निषेध समजावा. शल्यतज्ज्ञ स्वतः मिठाच्या पाण्याचा फवारा नाकात मारण्यास सांगतात, ती गोष्ट निराळी. त्यात दाब नसतो व जल निर्जंतुक असते. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, वजन उचलणे व खाली वाकणे शल्यतज्ज्ञांच्या परवानगीपर्यंत टाळावे.

शिंक आली तर काय करावे, असे रुग्ण विचारतो. नाक दाबून शिंक आवरणे हा वेगधारणाचा दोष आहेच, शिवाय त्याने आत दाब वाढतो. तोंड उघडे ठेवून शिंकावे. नाक शिंकरू नये. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात लिंगनाशाच्या शस्त्रकर्मानंतर ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे व अंगकंप तात्काळ टाळण्यास सांगितले आहे, आणि सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या व्रणितोपासनीय अध्यायात व्रणितास शय्या, आहार व आचार यांचे नियम घालून दिले आहेत. त्या नियमांचे वाचन आजही या रुग्णाच्या शुश्रूषकास करून दाखवावे.

मलप्रवृत्तीस कुंथणे होऊ देऊ नये. मनुका, भिजविलेले अंजीर, मात्रावत घृत यांनी काम भागते. लागल्यास अल्प मात्रेत त्रिफळा. तीव्र रेचके नकोत, त्याचे कारण वर आलेच आहे.

एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव होणे, विशेषतः वाकल्यावर थेंब पडणे, घशात खारट चव उतरणे, बसल्यावर शिरःशूल वाढून आडवे झाल्यावर कमी होणे, हे प्रतिश्याय नव्हे. तो मस्तिष्क-मेरुद्रवाचा स्राव असू शकतो, आणि त्या वाटेने जंतू आत जाऊन मस्तिष्कावरणशोथ होतो. ज्वर व मान ताठ होणे यांसह हे दिसल्यास एक रात्रही थांबू नये. आमच्या परिचयातील एका वैद्यमित्राने अशा रुग्णास सर्दी समजून सात दिवस बाष्पस्वेद दिला होता. रुग्ण वाचला, परंतु पुन्हा शस्त्रकर्म करावे लागले. त्यांनी हे स्वतः सभेत सांगितले, म्हणून येथे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

आपल्या औषधांशी होणारे संयोग

ज्येष्ठमध हे द्रव्य आपल्या असंख्य कल्पांत असते. त्यातील अम्ल मूत्रपिंडात कॉर्टिसॉलचा नाश करणाऱ्या विकरास थोपविते; परिणामी लवण साठते, शोथ व रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते. १९४६ मध्ये नेदरलँड्समधील रेव्हर्स यांनी आमाशयव्रणासाठी ज्येष्ठमधाचा घन देताना रुग्णांस शोथ येतो हे नोंदविले होते, आणि पुढे अधिवृक्कक्षयाच्या रुग्णांत त्याचा उपयोग करून पाहिला गेला. त्यावरून 'ज्येष्ठमध हे नैसर्गिक स्टेरॉईड आहे, गोळीऐवजी द्यावे' असा जो समज आपल्या काही मंडळींत आहे, तो निराधार आहे. ज्येष्ठमध असलेले कॉर्टिसॉल टिकविते. नसलेले निर्माण करीत नाही. गोळी बंद केलेल्या रुग्णास ज्येष्ठमध किलोने दिले तरी उपयोग नाही, आणि गोळीसोबत दिल्यास मात्रा अनवधानाने वाढते. कासाच्या अवलेहात दोन दिवस पोटात गेले तर चिंता नको, पण महिनोन्‌महिने देऊ नये. फार्मसी-मालकांनी संयुक्त कल्पांच्या वेष्टनावर ज्येष्ठमधाचे प्रमाण ठळक छापल्यास वैद्यांवर उपकार होतील.

अवटूस चालना न मिळाल्याने थायरॉक्सिन चालू असलेले रुग्ण पुष्कळ आहेत. यांच्या बाबतीत दोन गोष्टी. टीएसएच ही तपासणी येथे निरुपयोगी असते, कारण टीएसएच ज्या ग्रंथीतून येते तीच आजारी आहे. मुक्त टी-४ पाहावे लागते. दुसरे, कॉर्टिसॉलची उणीव भरल्यावाचून थायरॉक्सिन सुरू केल्यास संकट ओढवते, म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन व मग थायरॉक्सिन हा क्रम पाळला जातो. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ हे चुन्याचे, तर मंडूर व लोहभस्म हे लोहाचे कल्प थायरॉक्सिनचे शोषण रोखतात, इसबगोलही. रसायनकाली रिकाम्या पोटी चूर्ण देण्याची आपली पद्धत आणि पहाटे रिकाम्या पोटी थायरॉक्सिन घेण्याची आधुनिक पद्धत एकमेकींवर येतात. दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. अश्वगंधेने अवटूच्या स्रावाची पातळी वाढल्याचे अहवाल आहेत. मात्रा स्थिर झालेल्या रुग्णात ती द्यावयाची असल्यास रक्ततपासणीची तयारी ठेवावी, अन्यथा टाळावी.

भेसळीविषयी लिहिणे अप्रिय आहे, पण भाग आहे. संधिवाताच्या काही चूर्णांत व गोळ्यांत डेक्सामेथासोन वा प्रेड्निसोलोन मिसळलेले आढळते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने तो अपराध आहे. या रुग्णात त्याचा परिणाम विपरीत होतो. चूर्ण घेत असता तो सुखावतो, जागी होऊ पाहणारी ग्रंथी पुन्हा झोपते, आणि डेक्सामेथासोन असल्यास तपासणीत कॉर्टिसॉल अत्यल्प येऊन तज्ज्ञही गोंधळतात. चूर्ण थांबविताच रुग्ण कोसळतो. ज्याच्या चूर्णाने तीन दिवसांत सर्व वेदना जातात, त्याचे कौतुक करण्यापूर्वी परीक्षण करून घ्यावे.

औषधालयांस दोन विनंत्या. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तालुक्याच्या गावी नेहमी मिळत नाही, आणि 'स्टेरॉईडच ते' म्हणून दुसरी गोळी हातावर ठेवली जाते. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे बळ ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन वा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन इतके असते. गोळीस गोळी बदलून चालत नाही. ही सर्व औषधे अनुसूची 'एच' मधील असून लेखी आज्ञेवाचून देण्याची नाहीत. बदल करावयाचाच झाल्यास तज्ज्ञास दूरध्वनी करावा. दुसरी विनंती अशी की, आपल्या गावात असा एक जरी रुग्ण असेल, तर महिन्याची गोळी व इंजेक्शनच्या दोन कुप्या मुदत पाहून बाजूला ठेवाव्यात. किंमत अल्प आहे आणि खप कमी, म्हणूनच कोणी ठेवीत नाही.

आपण काय करावे

शल्यतज्ज्ञ व्रण पाहतात, नेत्रतज्ज्ञ दृष्टी पाहतात, अंतःस्रावतज्ज्ञ बहुधा दूरच्या शहरात असतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या ठिकाणी अंतःस्राव विभाग आहे, परंतु सोलापूर वा नांदेडच्या खेड्यातील रुग्ण तेथे तीन-चार महिन्यांतून एकदाच पोहोचतो. मधल्या काळात त्याचे ऐकून घेणारा कोणी असेल तर तो गावचा वैद्य. सहा-आठ आठवड्यांनी स्रावांची तपासणी, साधारण तीन महिन्यांनी एमआरआय, आणि त्यानंतरच्या वार्षिक तपासण्या चुकू न देणे हे काम आपण सहज करू शकतो. सकाळचे कॉर्टिसॉल आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी पाहावे लागते. ते ३ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास उणीव निश्चित, १५ हून अधिक असल्यास ती बहुधा नाही, आणि मधल्या आकड्यांत निराळी उत्तेजन-तपासणी करतात. याचा अर्थ लावणे तज्ज्ञांकडे सोपवावे. वेळेवर नमुना जाईल एवढे आपण पाहावे.

मन हा भाग सर्वांकडून राहून जातो. वृद्धिस्राव व लैंगिक स्राव कमी पडले की उत्साह जातो, स्त्रियांचे रजोदर्शन थांबते, पुरुषास पत्नीसमोर न्यूनत्व वाटते. आणि आरशातला चेहरा पालटत असतो. 'गाठ निघाली ना, मग रडतेस कशाला' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. नातेवाइकांस समोर बसवून हे लक्षण व्याधीचेच आहे असे वैद्याने सांगितल्यास रुग्णाचे अर्धे ओझे उतरते. सोबत मृदू अभ्यंग, कोमट जलाचे स्नान, वेळेवर निद्रा, स्निग्ध-लघु आहार, दीपनास अल्प शुंठी-जिरे, आणि हळूहळू वाढविलेले चालणे. आमच्या अनुभवात यानेच अंगमर्द सुसह्य होतो. अभ्यंग व्रणाच्या व शिराच्या बाजूस करू नये.

तज्ज्ञांस पत्र लिहिण्यास आपण संकोचतो. आम्हीही संकोचलो होतो. रुग्णेच्या प्रसंगानंतर तिच्या अंतःस्रावतज्ज्ञांस आम्ही झालेली चूक, दिलेली औषधे व मात्रा असे सर्व लिहून पाठविले. चार दिवसांत उत्तर आले. मात्रेचे वेळापत्रक, ज्वरातील वाढ आणि आमच्या औषधांपैकी काय चालेल याची यादी त्यात होती. तिच्यासाठी मग आम्ही एक मराठी कार्ड तयार केले. त्यावर नाव, शस्त्रकर्माचे वर्ष, 'मला हायड्रोकॉर्टिसोन नियमित लागते, ती बंद करू नये. वांती, बेशुद्धी वा अपघात झाल्यास १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन तत्काळ द्यावे' एवढाच मजकूर आणि दोन दूरध्वनी क्रमांक आहेत. एक प्रत तिच्या पदराच्या पाकिटात, एक घराच्या दारामागे, एक गावच्या औषधालयात.

पंधराव्या महिन्यात तिचे सकाळचे कॉर्टिसॉल १६ आले आणि तज्ज्ञांनी गोळी थांबविली. मधुमेहाचे औषध त्याआधीच सुटले होते. कुशिंगचा व्याधी काही रुग्णांत वर्षांनंतर उलटतो, म्हणून वार्षिक तपासणी चालू आहे. पुढील खेप मार्गशीर्षात ठरली आहे. भात काढून झाल्यावर ती जाणार आहे, आणि कागदपत्रांची पिशवी आमच्याकडे दाखवून जाईल असे तिने कळविले आहे.